रॉटरडॅमची वास्तुकला पायी पाहताना : एक मार्ग आणि त्यामागचा क्रम

पायपीट

नेदरलँड्सला जाणारे आपल्याकडचे बहुतेक लोक ॲमस्टरडॅम, डेल्फ्ट आणि ट्युलिपच्या बागा पाहून परततात. रॉटरडॅमला गेलेच, तर ब्लाक स्टेशनावर उतरतात, पिवळ्या तिरक्या घरांसमोर छायाचित्र काढतात, शेजारच्या मार्कटहाल या छताखालच्या बाजारात काहीतरी खातात आणि पुढची गाडी पकडतात. नंतर हेच लोक सांगतात की, शहरात काही चमत्कारिक इमारती आहेत खऱ्या, पण त्यांचा एकमेकींशी काही संबंध लागत नाही. माझे म्हणणे असे आहे की संबंध आहे आणि तो लागतोही, मात्र त्यासाठी इमारती ठरावीक क्रमाने पाहाव्या लागतात. म्हणून मार्गदर्शक न घेता एका दिवसात पायी करता येईल असा, सहा-सात किलोमीटरचा मार्ग येथे मांडत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण तिच्याशिवाय पुढचे सगळे निरर्थक वाटेल. १४ मे १९४० रोजी दुपारी जर्मन विमानांनी जेमतेम पंधरा मिनिटे बॉम्ब टाकले. शरणागतीच्या वाटाघाटी त्या वेळी चालूच होत्या. बॉम्बपेक्षाही नंतर पसरलेल्या आगीने अधिक विध्वंस केला. आठ-नऊशे माणसे मृत्युमुखी पडली, सुमारे ८०,००० बेघर झाली आणि सुमारे २५,००० घरांसह शहराचा मध्यभाग जळून गेला. त्यानंतर चारच दिवसांनी नव्या आराखड्याचे काम विटेफेन या नगर-वास्तुविशारदांकडे सोपवण्यात आले. जळालेल्या भागातली जमीन सरसकट संपादित झाली आणि राडारोडा ओतून ब्लाकसारखे जुने जलमार्ग बुजवले गेले. विटेफेन यांचा आराखडा बराचसा जुन्या शहराच्या वळणाचा होता. तो मागे पडला आणि १९४६ मध्ये कॉर्नेलिस फान ट्रा यांचा आराखडा मंजूर झाला. त्यात रुंद रस्ते होते, सुट्या इमारती होत्या, कामाच्या जागा एकीकडे आणि राहण्याच्या दुसरीकडे होत्या. आज आपण मध्यवर्ती शहरात जे पाहतो, त्यातले बरेचसे बांधकाम म्हणजे या आराखड्याच्या बाजूने किंवा त्याच्याविरुद्ध केलेला युक्तिवाद आहे, असे समजून चालायला लागावे.

सुरुवात मध्यवर्ती स्टेशनापासून करावी. २०१४ साली खुल्या झालेल्या या इमारतीचे पोलादी छत शहराच्या दिशेने टोकदार होत जाते. बाहेर पडून वीस-पंचवीस पावले गेल्यावर मागे वळून पाहावे. दर्शनी भागावरचे घड्याळ आणि ‘सेंट्राल स्टेशन’ ही अक्षरे नवी नाहीत. ती फान राफेस्टेन यांनी बांधलेल्या १९५७ च्या स्टेशनावरून उतरवून येथे पुन्हा लावलेली आहेत. फलाटांवरच्या काचेच्या छतात सौरघट आहेत, तेही मान वर केल्यास दिसतात.

स्टेशनाला लागूनच ख्रोट हांडेल्सखेबाऊ आहे. युद्धात गोदामे आणि कचेऱ्या गमावलेल्या घाऊक व्यापाऱ्यांना एका छताखाली आणण्यासाठी मास्कांट आणि फान टायेन यांनी ती बांधली आणि १९५३ मध्ये ती पूर्ण झाली. लांबी दोनशे मीटरहून अधिक, आणि मालमोटारी थेट आत याव्यात म्हणून इमारतीच्या पोटातून रस्ते काढलेले. सिमेंट, पैसा आणि घरे या सगळ्यांचीच टंचाई असताना शहराने सर्वप्रथम काय बांधले, हे या इमारतीकडे पाहून कळते. व्यापार आधी, बाकीचे नंतर.

तेथून लाइनबानला जावे. वाहनांना पूर्ण मज्जाव असलेला हा खरेदीचा रस्ता फान डेन ब्रूक आणि बाकेमा यांनी आखला आणि तो १९५३ मध्ये खुला झाला. युरोपात मुद्दाम पादचाऱ्यांसाठी बांधलेल्या पहिल्या रस्त्यांत त्याची गणना होते. आज तेथे नेहमीचीच साखळी दुकाने आहेत आणि पहिल्या नजरेत निराशा होते, हे आधीच सांगून ठेवतो.

मग कूलसिंगेल. या एकाच रस्त्यावर १९२० मध्ये पूर्ण झालेली नगरपालिका, तिच्या शेजारची जुनी टपाल कचेरी, १९४० ची शेअर बाजाराची इमारत आणि मार्सेल ब्रॉयर यांचे १९५७ चे बायेनकॉर्फ हे दुकान अशा चार निरनिराळ्या वृत्तींच्या वास्तू उभ्या आहेत. पहिल्या तीन आगीतून वाचल्या. बायेनकॉर्फच्या भिंतीजवळ जाऊन पाहावे. ट्रॅव्हर्टीन दगडाच्या षटकोनी फरश्या आहेत आणि खिडक्या फारच थोड्या. समोर नाउम गाबो यांचे उंच धातुशिल्प आहे, ते सजावट म्हणून आलेले नाही. नगररचनाकारांना इमारतीचा काही भाग रस्त्याकडे पुढे आलेला हवा होता, ब्रॉयर यांना तो नको होता, आणि त्या भागाऐवजी तेथे शिल्प उभे करण्यावर तडजोड झाली.

पुढे लौरेन्सकेर्क हे चर्च, मार्कटहाल, ती पिवळी तिरकी घनाकार घरे, जुना धक्का, मग दक्षिणेला वळून ‘१९४० चौक’, एरास्मस पूल आणि पलीकडचा विल्हेल्मिना धक्का असा मार्ग आहे. त्यांबद्दल प्रतिसादांतून बोलूच. ज्यांनी शहर पाहिले आहे, त्यांनी भर घालावी.

तिरकस

मांडणी चांगली आहे, तरीही एक शंका उरते. जे शहर समजण्यासाठी आधी आराखड्यांचा इतिहास वाचावा लागतो, ते पायी फिरण्यासारखे आहे असे कसे म्हणावे? डेल्फ्टमध्ये कालव्याकाठी कुणीही काही न वाचता रमतो. रॉटरडॅममध्ये मला रुंद रस्ते, बोचरा वारा आणि काचेचे मनोरे एवढेच दिसले. शिवाय लाइनबान पाहायला मुद्दाम जावे असे आपण म्हणता आणि ती निराशा करते असेही आपणच म्हणता.

आरेखन

लाइनबानबद्दल मी बोलते, कारण विद्यार्थ्यांना मी हा रस्ता शिकवत आले आहे. तो दुकानांच्या पाट्या पाहून कळत नाही. तेथे चार गोष्टी पाहायच्या असतात. पहिली म्हणजे उंची. दुकाने फक्त दोन-तीन मजल्यांची आहेत, त्यामुळे रस्त्याची रुंदी आणि बाजूची उंची यांचे प्रमाण माणसाच्या अंगासरसे राहते. दुसरी म्हणजे छज्जे. दुकानांच्या पुढे सलग छज्जे आहेत आणि मधूनमधून ते रस्ता ओलांडून पलीकडे जातात, त्यामुळे पावसात एका बाजूकडून दुसरीकडे न भिजता जाता येते. तिसरी गोष्ट पाहायला मागच्या गल्लीत जावे लागते. सगळा माल मागून येतो, कचरा मागून जातो, म्हणून पुढचा रस्ता मोकळा राहतो. आज हे सर्वसामान्य वाटते, १९५३ मध्ये नव्हते. चौथी गोष्ट बहुतेक पर्यटक चुकवतात : पश्चिमेच्या बाजूला दुकानांमागे मास्कांट यांच्या उंच निवासी इमारती आहेत आणि त्यांच्या मध्ये मोठी हिरवी अंगणे आहेत. खरेदीच्या गर्दीपासून शंभर पावलांवर झाडाखाली बाकावर बसलेली म्हातारी माणसे दिसतात. फान ट्रा यांच्या आराखड्यात मध्यवर्ती भागातून राहणारी माणसे जवळजवळ हद्दपार झाली होती. ती पूर्णपणे गेली नाहीत, याचे श्रेय या अंगणांना द्यावे लागते. २०१० पासून लाइनबान राष्ट्रीय संरक्षित वास्तूंमध्ये आहे.

तिरकस यांनी कालव्याकाठी रमण्याबद्दल लिहिले आहे. रमण्यासाठी डेल्फ्ट उत्तमच आहे. पण एकदा सगळे गेल्यावर माणसे काय ठरवतात आणि तीस-चाळीस वर्षांनी त्या ठरवण्यातले काय बदलतात, हे पाहण्यासाठी जागा फार थोड्या आहेत.

संथ प्रवासी

फार उपयुक्त धागा आहे. आम्ही चौघे जाणार आहोत, त्यांत माझ्या सासूबाई सत्तरी ओलांडलेल्या आहेत आणि त्या पूर्ण शाकाहारी आहेत. एवढे अंतर त्यांना एका दमात झेपणार नाही. मध्ये बसायला, जेवायला काय सोय आहे? घनाकार घरांच्या आत जिने फार अवघड आहेत असे ऐकले, ते खरे का?

धक्क्यावरचा

मी गेली काही वर्षे याच शहरात, नदीच्या दक्षिणेला राहतो, म्हणून उत्तर देतो. जेवणाची चिंता करू नका. स्टेशनाच्या पश्चिमेला वेस्ट-क्राउसकाडे हा रस्ता आहे, तेथे दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम या पूर्वीच्या डच वसाहतीतून आलेल्या लोकांची दुकाने आहेत. एकोणिसाव्या शतकात उत्तर प्रदेश आणि बिहारमधून मळ्यांवर गिरमिटिया म्हणून गेलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांच्याकडे रोटी, बटाट्याची रस्साभाजी आणि लांब चवळीच्या शेंगा असे ताट मिळते. अंडे आणि कोंबडी नको, असे मात्र आधीच सांगावे लागते. सासूबाईंना चव ओळखीची वाटेल. मंगळवार किंवा शनिवार असेल, तर लौरेन्सकेर्कजवळ बिनेनरोटे या मोकळ्या जागेत मोठा उघडा बाजार भरतो, फळे तेथे घ्यावीत. मार्कटहालच्या आत सगळे महाग आहे, पण आत फिरायला पैसे पडत नाहीत.

चालणे दोन भागांत विभागता येते. स्टेशन ते ब्लाक सकाळी करावे, मग ब्लाकहून ट्राम किंवा मेट्रो घेऊन दक्षिणेला जावे. घनाकार घरांपैकी एक घर तिकीट काढून आतून पाहता येते. जिने अरुंद आणि उभे आहेत, हे खरे. गुडघ्यांचा त्रास असेल, तर सासूबाईंनी खालच्या चौकात बसावे. त्या घरांची खरी गंमत तशीही खालूनच कळते.

पायपीट

घनाकार घरांबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण ती शहराचे चिन्ह होऊन बसली आहेत आणि त्यामुळेच कुणी त्यांच्याकडे नीट पाहत नाही. पीट ब्लोम यांनी ती १९८४ मध्ये पूर्ण केली. प्रत्येक घर म्हणजे षटकोनी खांबावर कोपऱ्यावर तोलून धरलेला घन आहे. ब्लोम एकेका घराला झाड म्हणत आणि सगळ्यांना मिळून वन. त्या वनाखालून चालणारा माणूस ब्लाकचा वाहता रस्ता वरच्या वर ओलांडतो, कारण घरांची ही रांग मुळात पादचारी पूलच आहे. आत भिंती कललेल्या असल्यामुळे साधे कपाट कोठे टेकवावे हा प्रश्न पडतो. सुमारे शंभर चौरस मीटर क्षेत्रापैकी चौथा हिस्सा नीट वापरता येत नाही. घनातल्या खालच्या मजल्यावर खिडकीशी उभे राहिले की खिडकी आपल्या पायांकडे झुकलेली असते आणि समोरच्या आकाशाऐवजी खालच्या चौकातली डोकी दिसतात. तेथे माणसे आजही राहतात, म्हणून शेजारच्या दारांची छायाचित्रे काढताना थोडे भान ठेवावे.

माझ्या क्रमाचा मुद्दा येथे येतो. ही घरे आधी पाहिली, तर ती वास्तुविशारदाची लहर वाटते. लाइनबान आणि कूलसिंगेल पाहून आलेल्या माणसाला ती तक्रारीसारखी वाटतात. सत्तरच्या दशकात संध्याकाळी सहानंतर मध्यवर्ती शहर ओस पडते, अशी ओरड होऊ लागली होती. त्याला उत्तर म्हणून जुन्या धक्क्याभोवती मुद्दाम घरे, उपाहारगृहे आणि वाकडेतिकडे कोपरे आणले गेले. २०१४ च्या मार्कटहालची दिशाही तीच आहे. एमव्हीआरडीव्ही या वास्तुविशारदांच्या कचेरीने चाळीस मीटर उंच कमानीच्या जाडीतच २२८ घरे बसवली आणि कमानीखाली बाजार ठेवला. काही घरांच्या खिडक्या थेट बाजारात उघडतात, म्हणजे स्वयंपाकघरातून खाली पाहिले तर माशांचे दुकान दिसावे. छताच्या आतल्या बाजूचे, सुमारे ११,००० चौरस मीटरचे फळाफुलांचे चित्र मला भडक वाटते, पण मुले त्यावर खूश असतात. वाहनतळाकडे जाणाऱ्या सरकत्या जिन्यांच्या कडेला खोदकामात सापडलेल्या वस्तू मांडल्या आहेत, त्या मात्र चुकवू नयेत. फारच थोडे लोक तेथे थांबतात.

जुन्या धक्क्यावर विटे हाउस आहे. १८९८ चे, सुमारे ४३ मीटर उंच आणि दलदलीच्या जमिनीत ठोकलेल्या सुमारे हजार खुंटांवर उभे. युरोपातल्या पहिल्या उंच इमारतींत त्याची गणना होते. भोवतालचे सगळे गेले आणि हे राहिले, त्यामुळे त्या जागी पूर्वी काय होते याची मोजपट्टी म्हणून ते वापरता येते.

आरेखन

लौरेन्सकेर्क पायपीट यांनी एका नावात संपवले, ते मला पटले नाही. मध्ययुगीन रॉटरडॅममधली उरलेली ही एकमेव इमारत आहे. १४४९ ते १५२५ या काळात ती बांधली गेली, १९४० मध्ये छत आणि अंतर्भाग गमावून नुसत्या भिंती व मनोरा उरला, आणि १९५२ मध्ये सुरू झालेली दुरुस्ती १९६८ पर्यंत चालली. आत शिरताना कांस्याच्या दारांपाशी थांबावे. जाकोमो मान्झू या इटालियन शिल्पकाराची ती आहेत आणि युद्ध व शांतता हा त्यांचा विषय आहे. बाहेरच्या चौकात एरास्मस या विद्वानाचा कांस्य पुतळा आहे. हेंड्रिक दे केसर यांनी केलेला हा पुतळा १६२२ चा असून तो देशातला सर्वांत जुना मानला जातो. त्याच्या हातातल्या पुस्तकाबद्दल स्थानिक लोक मुलांना सांगतात की, घड्याळाचे टोले ऐकले की एरास्मस पान उलटतो. पुतळ्याला ऐकू येत नाही, हे मुलांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागतो.

आणखी एक दुरुस्ती सुचवते. आगीने सगळे नष्ट केले आणि कोरी पाटी मिळाली, असा समज या शहराबद्दल पसरलेला आहे. वस्तुस्थिती तितकी सरळ नाही. विलेम दुदोक यांचे १९३० चे जुने बायेनकॉर्फ बॉम्बवर्षावानंतर अर्धेअधिक उभे होते, त्यात व्यवहारही चालू होता. नवा रस्ता आड येत होता म्हणून ते १९६० मध्ये पाडण्यात आले. उलट उदाहरणही आहे. औड यांचे लाल-निळ्या-पिवळ्या दर्शनी भागाचे ‘कॅफे दे उनी’ १९२५ चे, ते १९४० मध्ये नष्ट झाले आणि १९८६ मध्ये थोड्या अंतरावर, माउरिट्सवेख या रस्त्यावर, जसेच्या तसे पुन्हा उभारले गेले. मार्गापासून फारसे दूर नाही.

धक्क्यावरचा

आग नेमकी कोठपर्यंत पोहोचली, हे शहराने जमिनीवर आखून ठेवले आहे. २०१० पासून सुमारे बारा किलोमीटरच्या त्या सीमेवर पदपथात गोल दिवे बसवलेले आहेत. दिवसा ते सहज नजरेतून सुटतात, संध्याकाळी उजळलेले दिसतात. माझा सल्ला असा की, सबंध सीमा चालण्याऐवजी १९४० चौकाच्या बाजूने विटे दे विटस्ट्राट या रस्त्यात शिरावे. काही पावलांत काँक्रीट संपते आणि तीन-चार मजली विटांची, उंच खिडक्यांची जुनी घरे सुरू होतात. एवढ्या एका वळणावरून जे समजते, ते मोठ्या माहितीफलकांवरून समजत नाही.

१९४० चौकातले ओसिप झाडकिन यांचे शिल्प १९५३ चे आहे. हात आकाशाकडे फेकलेली मानवाकृती आणि तिच्या धडाच्या जागी आरपार पोकळी. समोरून पाहण्यापेक्षा भोवती फिरून पाहावे, कारण प्रत्येक बाजूने हातांचा अर्थ बदलतो : कोठे आक्रोश वाटतो, कोठे प्रतिकार.

याबरोबर एक गोष्ट नोंदवतो, कारण पर्यटकांना ती कुणी सांगत नाही. ३१ मार्च १९४३ रोजी अमेरिकन विमानांनी गोद्यांवर टाकलेले बॉम्ब पश्चिमेच्या दाट वस्तीवर पडले आणि सुमारे चारशे माणसे मेली. येथे त्याला ‘विसरलेला बॉम्बवर्षाव’ म्हणतात. मित्रराष्ट्रांच्या हातून झाल्यामुळे त्याचे स्मरण फार उशिरा सुरू झाले. तेथल्या नव्या इमारतींना कुणी वास्तुविशारदी चमत्कार म्हणत नाही, साधी कामगारवस्ती आहे.

वेंगुर्लेकर

ही पश्चिमेची वस्ती डेल्फ्सहाफनजवळ आहे ना? मग मला बोलायलाच हवे. डेल्फ्सहाफन हे मुळात डेल्फ्ट शहराचे बंदर होते आणि १८८६ मध्ये रॉटरडॅममध्ये सामील झाले. आगीतून ते वाचले, म्हणून जुने धक्के, उंच शिडाच्या होड्या आणि विटांची गोदामे तेथे अजून पाहायला मिळतात. १६२० मध्ये अमेरिकेच्या वाटेवर निघालेले इंग्लिश धर्मयात्री येथूनच निघाले, त्यामुळे अमेरिकन प्रवासी तेथल्या चर्चला आवर्जून जातात. आपल्याला आवर्जून जाण्याचे कारण वेगळे आहे. डच ईस्ट इंडिया कंपनी सहा शहरांच्या मंडळांची बनलेली होती, त्यांत डेल्फ्ट आणि रॉटरडॅम ही दोन मंडळे होती, आणि डेल्फ्टच्या मंडळाची जहाजे या बंदराशी बांधलेली होती. त्याच कंपनीने सतराव्या शतकात आमच्या वेंगुर्ल्याला वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला आणि त्यांची नाकेबंदी करणाऱ्या जहाजांना रसद पुरवायला ते ठिकाण सोयीचे होते. वखारीच्या भिंती आज पडक्या अवस्थेत आहेत, झाडांची मुळे जांभ्यात शिरली आहेत.

धक्क्यावरचा यांनी उल्लेखलेला विटे दे विट हाही याच समुद्री साम्राज्याचा नौसेनापती होता. त्या रस्त्यावरच्या समकालीन कलासंस्थेने त्याचे नाव सोडून २०२१ मध्ये ‘मेली’ हे नाव घेतले. रस्त्याचे नाव मात्र तेच राहिले.

संथ प्रवासी

वखारीचा दुवा माहीत नव्हता, आभारी आहे. आता पुलाच्या पलीकडचे कुणी लिहील का? विल्हेल्मिना धक्क्यावर इतके मनोरे एकत्र का आहेत?

पायपीट

बंदर समुद्राकडे सरकले म्हणून. जहाजे मोठी होत गेली, कंटेनर आले आणि सगळा व्यवहार पश्चिमेला, समुद्रात भराव घालून केलेल्या मासफ्लाक्टेपर्यंत गेला. शहरालगतच्या गोद्या सत्तर-ऐंशीच्या दशकांत रिकाम्या झाल्या. त्या दक्षिण काठाला उत्तरेशी जोडण्यासाठी १९९६ मध्ये बेन फान बेर्केल यांचा एरास्मस पूल झाला. त्याचा वाकलेला खांब १३९ मीटर उंच असून पुलाची लांबी सुमारे ८०० मीटर आहे. उद्घाटनानंतर काही आठवड्यांतच वाऱ्या-पावसात त्याच्या तारा जोरात हेलकावू लागल्या आणि मग धक्के शोषणारी यंत्रणा बसवावी लागली. तारा पुलाला जेथे मिळतात तेथे ती आजही दिसते. पूल पश्चिमेच्या पदपथावरून ओलांडावा, धक्क्यावरचे मनोरे समोर येतात.

पलीकडे उतरल्यावर पहिला तिरक्या काचेचा मनोरा रेन्झो पियानो यांचा. पुढे रेम कूल्हास यांच्या ओएमए कचेरीने २०१३ मध्ये पूर्ण केलेली ‘दे रॉटरडॅम’ ही प्रचंड इमारत आहे. सुमारे दीडशे मीटर उंच, पण खोके एकमेकांवर किंचित सरकवून ठेवल्यासारखी रचना असल्यामुळे चालताना तिचे रूप सतत बदलते : पुलावरून ती एक अखंड भिंत वाटते, जवळ आल्यावर फटी उघडत जातात. धक्क्याच्या टोकाला या सगळ्यांच्या मानाने ठेंगणे ‘हॉटेल न्यूयॉर्क’ आहे. हॉलंड-अमेरिका जहाज कंपनीची ही मूळ कचेरी. युरोप सोडून जाणारी लाखो माणसे या धक्क्यावरून बोटीवर चढली. १९९३ पासून तेथे हॉटेल आहे आणि कॉफीपुरते आत जाता येते. तेथून राइनहाफनवरच्या पादचारी पुलाने कातेंड्रेख्टला पोहोचता येते. तेथे १९२३ च्या गोदामात मे २०२५ मध्ये स्थलांतराचे संग्रहालय सुरू झाले. मा यान्सोंग यांच्या कचेरीने त्या गोदामाच्या छतातून वर जाणारा दुहेरी वळणदार जिना काढला आहे.

तिरकस

मान्य, क्रम लावल्यावर बोलणे समजते. तरी मनोऱ्यांच्या या कौतुकात एक बाजू सुटते. कातेंड्रेख्ट ही खलाशांची आणि गोदी कामगारांची वस्ती होती, तेथे आता महागडी घरे आहेत. त्या लोकांचे काय झाले?

धक्क्यावरचा

प्रश्न योग्य आहे, आणि माझ्या शेजाऱ्यांचाच आहे. पालिकेने स्वस्त घरांची संख्या हजारोंनी कमी करण्याचे धोरण आखले, त्यावर २०१६ मध्ये सार्वमत घेण्यात आले, पण पुरेसे मतदार न आल्यामुळे ते अवैध ठरले. कातेंड्रेख्टच्या मागेच आफ्रिकांडरवाइक आहे. तेथल्या ट्वेबॉसबुर्ट या भागातली सामाजिक, म्हणजे स्वस्त भाड्याची, घरे पाडण्याविरुद्ध रहिवासी न्यायालयात गेले, आणि संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिवेदकांनीही (अहवाल देणाऱ्या तज्ज्ञांनीही) त्याबद्दल आक्षेप नोंदवला. घरे तरीही पाडली गेली. वास्तुकलेच्या सहलीत हा भाग कुणी घालत नाही. माझे मत असे आहे की, हॉटेल न्यूयॉर्कची कॉफी झाल्यावर पंधरा-वीस मिनिटे चालून तेथपर्यंत जावे. बुधवारी किंवा शनिवारी तेथला बाजार भरतो आणि विल्हेल्मिना धक्क्यावर न दिसणारे रॉटरडॅम तेथे भाजी घेताना दिसते.

आरेखन

दुसरा दिवस हाताशी असेल, तर तो फान नेल्ले कारखान्याला द्यावा. चहा, कॉफी आणि तंबाखूचा हा कारखाना ब्रिंकमन आणि फान डेर फ्लुख्ट यांनी १९२५ ते १९३१ या काळात बांधला आणि २०१४ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. भुछत्रीसारख्या माथ्याचे खांब सगळा भार घेतात, म्हणून बाहेरची भिंत नुसती काचेची ठेवता आली. कामगाराच्या टेबलापर्यंत उजेड पोहोचावा, हा हेतू होता. तंबाखूचा भाग सर्वांत उंच आणि चहाचा सर्वांत ठेंगणा आहे. कारखान्यातून समोरच्या गोदामांकडे जाणारे तिरके काचेचे पूल मालाची ने-आण करत. आत जाण्यासाठी आधी नोंदणी करावी.

त्याच जोडीने कारखान्याच्या एका संचालकासाठी १९३३ मध्ये सोनेफेल्ड हाउस बांधले. संग्रहालय उद्यानाजवळचे हे घर तिकीट काढून पाहता येते. नळीदार पोलादी फर्निचर मूळचे आहे आणि मालकाच्या न्हाणीघरात चहूबाजूंनी फवारे सोडणारा शॉवर आहे. तेथून जवळच २०२१ मध्ये उघडलेले बॉयमन्स संग्रहालयाचे आरशांनी मढवलेले भांडार आहे. सुमारे दीड लाख वस्तूंचा साठाच लोकांना पाहायला खुला केला आहे. सोमवारी ही ठिकाणे सहसा बंद असतात.

पायपीट

सर्वांच्या सूचनांनुसार मार्ग असा ठरतो : सकाळी स्टेशन, ख्रोट हांडेल्सखेबाऊ, लाइनबान आणि त्यामागची अंगणे, कूलसिंगेल, लौरेन्सकेर्क, ब्लाक. दुपारी १९४० चौक, विटे दे विटस्ट्राटचे वळण, मग पूल, धक्का आणि जमल्यास आफ्रिकांडरवाइक. डेल्फ्सहाफन आणि फान नेल्ले दुसऱ्या दिवशी. संथ प्रवासी, सासूबाईंसाठी ब्लाकहून मेट्रोने, बुर्स स्टेशनात गाडी बदलून, विल्हेल्मिनाप्लाइन स्टेशनाला जावे, म्हणजे पूल चालावा लागणार नाही.

धक्क्यावरचा

परतीसाठी एक भर. पुन्हा पुलावरून येण्यापेक्षा ज्यांचे पाय शाबूत आहेत, त्यांनी मासटनेल या बोगद्यातून यावे. १९४२ मध्ये जर्मन ताब्यात असतानाच तो खुला झाला. पादचाऱ्यांची आणि सायकलींची नळी वेगळी आहे आणि खाली उतरायला लाकडी पायऱ्यांचे जुने सरकते जिने आहेत. सायकलवाले सायकल धरून त्याच जिन्यावर उभे राहतात, म्हणून उजवीकडे सरकून राहावे. उत्तरेला वर आल्यावर काही मिनिटांवर १९६० चा युरोमास्ट मनोरा आहे. तोही मास्कांट यांचाच.